मांडव उतरवताना

पाडकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जेसीबी येतो, उडणारी धूळ येते, हिरवी जाळी लावलेली जुनी इमारत येते. आज मी ज्या पाडकामाविषयी बोलणार आहे, त्यात यातलं काहीच नाही. ना धूळ, ना आवाज, ना खाली जमलेली बघ्यांची गर्दी. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीतल्या एका ऑफिसात खुर्चीवर बसून, संगणकावर एक आज्ञा लिहून ते करता येतं. दहा-बारा मिनिटांत सगळं भुईसपाट होतं आणि काम फत्ते झाल्याचा निरोप पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटतो. हे काम मी बरीच वर्षं करते आहे. उभं कसं करायचं हे शिकवणारे मला पुष्कळ भेटले. पाडायचं कसं, हे मात्र आमच्याच एका चुकीने शिकवलं. ती चूक आज तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल, म्हणजे ज्यांचा संगणकाशी रोजचा संबंध नाही त्यांनाही ती कळेल.

पूर्वी एखाद्या ऑफिसला आपला सर्व्हर हवा असेल तर तो विकत आणावा लागे. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली, दिवे गेले तर चालणारी बॅटरी, देखभालीला माणूस, असा सगळा संसार मांडावा लागे. त्यात दोन-तीन महिने सहज जात. आता ही यंत्रं भाड्याने मिळतात, तीही तासाच्या हिशेबाने. यालाच क्लाउड म्हणतात. नाव ढगाचं असलं तरी वस्तू जमिनीवरच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, ॲमेझॉनने २०१६ च्या जूनमध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली केंद्रं सुरू केली. म्हणजे आपल्या मोबाइलवरून वर गेलेला फोटो कदाचित आपल्याच महानगरातल्या एखाद्या पाटी नसलेल्या इमारतीत जाऊन बसत असेल.

ही यंत्रं भाड्याने घ्यायची तर सुरुवातीला त्या त्या कंपनीच्या पानावर जाऊन एकेक बटण दाबावं लागे. यंत्र हवं, दाबा. त्याला बाहेरचा पत्ता हवा, दाबा. अशी शंभर बटणं दाबून झाली की सगळं चालू होई, पण कुठली शंभर बटणं दाबली ते सहा महिन्यांनी कोणाला आठवत नसे. यावर तोडगा म्हणून सगळी मांडणी लिहून ठेवायची पद्धत आली. २०१४ मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीने काढलेलं टेराफॉर्म हे या पद्धतीतलं सर्वांत प्रसिद्ध साधन. तुम्ही एका फाइलीत लिहायचं: मला असं एक नेटवर्क हवं, त्यात दोन सर्व्हर, एक डेटाबेस, अमुक लोकांना अमुक दार उघडं. टेराफॉर्म ती यादी वाचतं आणि क्लाउडवाल्याकडून सगळं उभं करून घेतं. आणि काय काय उभं केलं याची नोंद स्वतःच्या एका वहीत ठेवतं. या वहीला आम्ही स्टेट फाइल म्हणतो. ती लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीत तिचं काम मोठं आहे.

मला हे सगळं गणपतीच्या मांडवासारखं वाटतं. मंडळाची यादी असते: बांबू इतके, वासे इतके, ताडपत्री, सुतळी, दिव्यांच्या माळा. मांडववाला यादीप्रमाणे उभारतो आणि वहीत लिहून ठेवतो. उत्सव संपला की उतरवतो, तोही उलट्या क्रमाने. आधी दिवे, मग कापड, मग ताडपत्री, मग आडवे बांबू आणि शेवटी उभे. उभा बांबू आधी काढला तर काय होईल हे सांगायला नको. टेराफॉर्मही हेच करतं. नेटवर्क आधी उभं केलं असेल तर ते शेवटी पाडतं, कारण सर्व्हर त्याच्यात उभे असतात. कोण कोणावर टेकलंय हे त्याला यादीवरून कळतं.

मग उतरवायचंच कशाला, राहू दे की, असं कोणी म्हणेल. पण मीटर चालू असतं. चाचणीसाठी उभं केलेलं, आता कोणी वापरत नाही असं एखादं बिऱ्हाड महिनोन्‌महिने तसंच राहतं आणि दर महिन्याला बिलात डोकावतं. शिवाय ज्या घरात कोणी राहत नाही त्याची कुलुपंही कोणी तपासत नाही. म्हणून वेळच्या वेळी मांडव उतरवणं हा आमच्या धंद्यातला शिस्तीचा भाग समजला जातो, आणि तो बरोबरच आहे.

आता ती चूक.

२०१९ मधली गोष्ट. गणपती नुकतेच होऊन गेले होते. मुलुंडच्या बाजूची एक पतपेढी आमच्याकडून आपलं संगणकाचं काम करून घेत असे. नाव सांगत नाही, आणि ज्या कंपनीत मी तेव्हा होते तिचंही सांगत नाही. पतपेढीचे सहा पिग्मी एजंट होते. पिग्मी म्हणजे काय हे मुंबईच्या श्रोत्यांना सांगायला नको. एजंट रोज संध्याकाळी बाजारात फिरतो. भाजीवाली, फुलवाला, इस्त्रीवाला, वडापावची गाडी, यांच्याकडून रोजचे पन्नास-शंभर रुपये गोळा करतो, हातातल्या छोट्या यंत्रावर नोंद करतो आणि पावतीची चिठ्ठी फाडून देतो. रात्री पतपेढीत आला की यंत्रातली नोंद वर पाठवतो. नोंद पोचल्याची खूण आली की यंत्र स्वतःची पाटी कोरी करतं.

या पतपेढीसाठी आम्ही क्लाउडवर दोन बिऱ्हाडं मांडली होती. एक खरं, रोजच्या कामाचं. दुसरं चाचणीचं, त्याची हुबेहूब नक्कल. त्याच्या फाइलीचं नावच ‘टेस्ट’ होतं. चाचण्या संपून दोन महिने झाले होते, बिल येत होतं, आणि एका शुक्रवारी संध्याकाळी ते पाडायचं ठरलं.

आमची एक तरुण सहकारी संगणकापुढे बसली होती, मी तिच्या मागे उभी होते. तिने आज्ञा दिली. टेराफॉर्म असं लगेच पाडत नाही. ते आधी सगळी यादी दाखवतं, प्रत्येक वस्तूपुढे लाल वजाबाकीचं चिन्ह असतं, आणि खाली बेरीज येते. आमची बेरीज होती एकसष्ट. मग ते विचारतं, खरंच पाडायचं का? आणि उत्तर म्हणून पूर्ण ‘येस’ असं लिहावं लागतं. नुसतं ‘वाय’ चालत नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी यादीवरून नजर फिरवली. सगळ्या नावांच्या पुढे ‘टेस्ट’ होतं. मी म्हणाले, “कर.” तिने ‘येस’ लिहिलं. अकरा मिनिटांत एकसष्टच्या एकसष्ट गेल्या. आम्ही खाली जाऊन चहा प्यायलो.

रात्री साडेनऊला पतपेढीच्या मॅनेजरांचा फोन आला. “मॅडम, एकाही एजंटचं मशीन नोंद घेईना. रेंजचा प्रॉब्लेम आहे का?”

रेंजचा प्रॉब्लेम नव्हता. जूनमध्ये एकदा खऱ्या बिऱ्हाडात बिघाड झाला होता आणि एजंटांच्या नोंदी वर जाईनात. तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याने, दोन दिवसांपुरतं म्हणून, सहाही यंत्रांना चाचणीच्या बिऱ्हाडाचा पत्ता दिला होता. आणि तिथे जमा झालेल्या नोंदी रोज मध्यरात्री खऱ्या डेटाबेसमध्ये नेऊन टाकणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. सगळं सुरळीत चाललं. इतकं सुरळीत, की बिघाड दुरुस्त झाल्यावरही पत्ता परत बदलायचं राहून गेलं. मग तो सहकारी दुसरीकडे नोकरीला गेला. हे त्याच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. त्यालाही मी दोष देत नाही. रात्री अकरा वाजता पतपेढी अडली होती आणि त्याने ती सोडवली होती.

एवढ्यावर निभावलं असतं. शुक्रवारची नोंद यंत्रांतच होती, ती नव्या पत्त्यावर घेता आली असती. पण त्या आठवड्यात मंगळवारी खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड नियमाप्रमाणे बदलला होता, आणि मध्यरात्रीच्या त्या प्रोग्रॅमला नवा पासवर्ड कोणी सांगितला नव्हता, कारण तो प्रोग्रॅम आहे हेच ठाऊक नव्हतं. म्हणजे मंगळवार, बुधवार आणि गुरुवार, तीन दिवसांच्या नोंदी फक्त आम्ही पाडलेल्या डेटाबेसमध्ये होत्या. यंत्रांनी त्या केव्हाच पुसल्या होत्या.

बॅकअप? डेटाबेस पाडण्यापूर्वी त्याची शेवटची प्रत काढून ठेवायची सोय असते. किंबहुना टेराफॉर्ममध्ये ती पद्धत मुळातच चालू असते. प्रत नको असेल तर तसं मुद्दाम लिहावं लागतं. चाचणीच्या बिऱ्हाडांत सगळेच तसं लिहितात. कशाला त्या प्रती सांभाळायच्या आणि त्यांचं भाडं भरायचं? आम्हीही लिहिलं होतं. रोज आपोआप निघणाऱ्या प्रतीही डेटाबेसबरोबर जातात, वेगळं सांगून ठेवलं नसेल तर. आमच्या जातीलच, कारण आम्ही सांगितलं नव्हतं.

शनिवार-रविवार आम्ही मुलुंडच्या बाजारात घालवले. एजंटांच्या डायऱ्या होत्या, पण सहापैकी दोघे डायरी ठेवतच नव्हते. यंत्र आल्यावर डायरी कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि यंत्र आम्हीच दिलं होतं. मग उरल्या त्या ग्राहकांकडच्या चिठ्ठ्या. एका फुलवाल्याने त्या तारेला टोचून ठेवल्या होत्या, अगदी तारखेवार. एका भाजीवाल्या मावशींनी तराजूखालच्या पिशवीतून ओल्या कोथिंबिरीबरोबर तीन चिठ्ठ्या काढल्या. शाई पसरून आकडे गेले होते. त्यांच्या बाजूला बसणाऱ्या बाईंकडे काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, “ताई, काका रोज शंभर नेतात, तेवढं मला ठाऊक. चिठ्ठी जपायची असते हे कोणी सांगितलं नाही.” आणि मग जरा थांबून, “पैसे गेले का?”

पैसे गेले नव्हते. ते पतपेढीच्या तिजोरीत होते. पण कोणाचे किती, हे गेलं होतं. मॅनेजरांनी शेवटी ठरवलं की ज्याच्याकडे कागद नाही त्याचा शब्द धरायचा. ताळा जुळायला चार-साडेचार हजार कमी पडले, ते आमच्या कंपनीने भरले. रक्कम लहान होती. पण त्या बाईंचा प्रश्न ऐकताना माझ्या तोंडून लगेच उत्तर निघालं नव्हतं, ते मला आजही आठवतं.

त्यानंतर कित्येक दिवस मी त्या यादीचा विचार करत होते. यादी खोटी नव्हती. एकसष्ट वस्तू आमच्याच होत्या, क्रम बरोबर होता, साधनाने काही चूक केली नव्हती. वहीत जे होतं ते त्याने चोख पाडलं. पण एजंटांची यंत्रं त्या बिऱ्हाडावर टेकलेली आहेत, हे वहीत नव्हतंच. आपण काय उभं केलं ते वहीला माहीत असतं. नंतर त्याला कोण येऊन टेकलं ते माहीत नसतं. आणि टेकणारा कधी सांगून टेकत नाही.

आमच्या ऑफिसच्या वाटेवरचा अंधेरीचा गोखले पूल मला यासंदर्भात नेहमी आठवतो. ३ जुलै २०१८ रोजी भर पावसात त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला आणि दोघांचे जीव गेले. लोखंडाला गंज लागला होता, हे त्यानंतरच्या चौकशीत आलंच. पण त्याबरोबर त्या पदपथावर वर्षानुवर्षं चढत गेलेल्या केबल, वाळू आणि पेव्हर ब्लॉक यांच्या वजनाचीही चर्चा झाली. आराखड्यात नसलेलं हे ओझं होतं. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ ला पूल वाहतुकीला बंद झाला आणि पाडायला घेतला. खालून लोकल धावतात, वरून विजेच्या तारा आहेत, म्हणून रुळांवरचा भाग रेल्वेने रात्री ब्लॉक घेऊन टप्प्याटप्प्याने उतरवला. हे काम नीट झालं. पण २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा अंधेरीकरांनी कपाळाला हात लावला: जुन्या पुलाला जोडलेला बर्फीवाला उड्डाणपूल आणि नवा पूल यांच्यात माणसाच्या उंचीएवढी तफावत. नवा पूल वर, जुना जोड खाली. मग बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलावा लागला, आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही जुळले. नव्या पुलाची दुसरी बाजू २०२५ च्या मेमध्ये खुली झाली. यावर विनोद खूप झाले. मी मात्र हसू शकले नाही. तुमच्या वस्तूला दुसऱ्याची वस्तू जोडलेली असते, ती तुमच्या कागदावर नसते, आणि तुम्ही तुमची काढून नवी बसवता. हे मी स्वतः केलं होतं.

मोठमोठ्या कंपन्यांचंही याहून वेगळं होत नाही. ॲटलासियन ही ऑस्ट्रेलियन कंपनी. तिची सॉफ्टवेअर जगभरातल्या कंपन्या रोजच्या कामाला वापरतात. एप्रिल २०२२ मध्ये तिने एक जुनं, निवृत्त केलेलं छोटं ॲप ग्राहकांच्या जागांवरून काढायला घेतलं. पाडणाऱ्यांना जी क्रमांकांची यादी मिळाली, ती ॲपच्या क्रमांकांची असायला हवी होती. मिळाली ती ग्राहकांच्या अख्ख्या जागांच्या क्रमांकांची. आणि आज्ञा होती कायमचं पुसण्याची. अर्ध्या तासाच्या आत ७७५ ग्राहकांच्या जागा पुसल्या गेल्या, आणि त्या सगळ्या परत उभ्या करायला चौदा दिवसांपर्यंत वेळ लागला. क्रमांक घरातल्या माळ्याचा आहे की अख्ख्या घराचा, हे क्रमांकाकडे नुसतं पाहून कळत नाही.

दुसरं उदाहरण तर त्याहून विचित्र. ऑस्ट्रेलियातल्याच युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं एक बिऱ्हाड मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडवरून एकाएकी नाहीसं झालं. सहा लाखांहून अधिक सभासदांना काही दिवस आपलं खातं पाहता येईना. कारण निघालं ते असं: ते बिऱ्हाड मांडताना गूगलच्या माणसांकडून एक रकाना रिकामा राहिला होता, आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ यंत्राने घेतला ‘एक वर्षाची मुदत’. वर्ष भरलं, मुदत संपली, पाडून टाकलं. कोणी आज्ञा दिली नाही, कोणी ‘येस’ लिहिलं नाही. निधीने आपल्या नोंदींच्या प्रती दुसरीकडेही ठेवल्या होत्या, म्हणून निभावलं. आपण तिसऱ्या मजल्यावरची सदनिका घेताना भाडेकराराची मुदत वाचतो. इथे मुदत आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

त्या शुक्रवारनंतर आमच्या कामाची रीत बदलली. पहिली गोष्ट, पाडकाम शुक्रवारी संध्याकाळी बंद. हसू नका, मंगळवारी सकाळी पाडलेलं बुधवारी दुरुस्त करायला सगळे जागेवर असतात. दुसरं म्हणजे वही बघण्याआधी माणसांना विचारायचं. यंत्राची यादी नंतर. आधी पतपेढीत, दुकानात, कारखान्यात जाऊन विचारायचं, तुमच्या हातातलं यंत्र कुठे बोलतं? आणि बिऱ्हाडाच्या दारावरची ये-जा बघायची. प्रत्येक दाराशी कोण आलं, कधी आलं याची नोंद क्लाउडवर ठेवता येते. ‘टेस्ट’ नावाच्या घरात रात्री साडेआठला सहा माणसं रोज नेमाने येत असतील तर ते घर रिकामं नाही, हे पाटी काहीही म्हणो. आम्ही त्या दिवशी पाटी वाचली, दाराकडे पाहिलं नाही.

मग सर्वांत महत्त्वाचं. पाडायच्या आधी नुसतं दार लावायचं. काही मोडायचं नाही, पुसायचं नाही. बाहेरून कोणाला आत येता येणार नाही एवढंच करायचं आणि वाट पाहायची. कोणी ओरडलं तर मिनिटभरात दार उघडता येतं. यंत्रं बंद करून ठेवूनही हे करतात, पण त्यात एक गंमत आहे: ॲमेझॉनचा डेटाबेस बंद केला तरी सात दिवसांनी तो आपोआप पुन्हा चालू होतो. आमच्याकडे एकाने तो बंद करून ठेवला आणि महिन्याने बिल बघून आश्चर्य केलं. त्यापेक्षा दार लावणं बरं. आणि वाट किती पाहायची? पंधरा दिवस पुरत नाहीत. महिनाअखेर आत आली पाहिजे, आणि हिशेबाशी संबंध असेल तर ३१ मार्चही.

प्रती काढण्याचंही एक मर्म आहे, ते नव्याने शिकणाऱ्यांना सांगते. ‘पाडताना प्रत काढ’ असं फाइलीत नुसतं लिहून लगेच पाडायला घेतलं तर ते लिहिणं वाया जातं. पाडताना टेराफॉर्म तुमची नवी ओळ बघत नाही, आपली वही बघतं. आधी ती ओळ लागू करून वहीत उतरवायची आणि मगच पुढचं पाऊल. तसंच, एखादी वस्तू पाडू नये म्हणून तिच्यावर ‘पाडू नका’ असं लिहिता येतं. पण ती वस्तूच फाइलीतून खोडली, तर तिच्याबरोबर तो ‘पाडू नका’चा शेराही खोडला जातो आणि वस्तू पडते. फाइलीतून ओळ काढणं म्हणजे ती वस्तू विसरणं असं नव्या मुलांना वाटतं. टेराफॉर्मच्या भाषेत ओळ काढणं म्हणजे पाडायला सांगणं. प्रत काढल्यावर ती उघडून बघणं तर असतंच. दुसरीकडे एक डेटाबेस त्या प्रतीवरून उभा करायचा, चार नोंदी वाचायच्या, आणि मगच प्रत आहे असं म्हणायचं.

क्लाउडवाल्यांनीही काही ठिकाणी शहाणपण दाखवलं आहे. माहिती ज्या किल्लीने कुलूपबंद केलेली असते, ती किल्ली ॲमेझॉनकडे लगेच नष्ट करताच येत नाही. कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त तीस दिवस थांबावं लागतं. किल्ली गेली की माहिती जागेवर असूनही कायमची गेली, म्हणून ही सोय. आम्ही नेहमी तीस दिवस लिहितो.

पाडून झाल्यावरही काम संपत नाही. मांडव उतरला की रस्त्यातले खड्डे राहतात आणि ते बुजवायला पालिका मागे लागते. इथेही जे यादीबाहेर हाताने केलेलं असतं, किंवा यादीतल्या एखाद्या यंत्राने स्वतःच मागवलेलं असतं, ते मागे उरतं. कधी त्यामुळेच पाडकाम अडतं. नेटवर्क पाडता येत नाही कारण आत कोणीतरी अजून उभं आहे, आणि ते कोण ते वहीत सापडत नाही. अशा वेळी जबरदस्तीने पुढे जायचे मार्ग असतात, आणि रात्री दहा वाजता ते फार मोहात पाडतात. मी आता तिथे थांबायला लावते. आत कोणी उभं आहे म्हणजे कोणीतरी त्याला उभं केलं आहे.

सगळ्यांत फसवा उरतो तो पत्ता. समजा अमुक नावाने तुमची एक साठवणूक होती आणि तुमच्या वेबसाइटचा एक पत्ता तिच्याकडे बोट दाखवत होता. साठवणूक पाडली, बोट तसंच राहिलं. ते नाव मोकळं झाल्यावर दुसरं कोणीही घेऊ शकतं, आणि मग तुमच्या पत्त्यावर येणारी माणसं त्याच्या घरात जातात. पतपेढीच्या पत्त्यावर परका माणूस बसला तर काय होईल याची कल्पना करा. म्हणून आधी बोट काढायचं, मग घर. हा क्रमही वहीत नेहमी नसतो, कारण पत्त्यांची वही बहुधा दुसऱ्याच कोणाकडे असते.

आता या गोष्टी आम्ही सगळ्यांना शिकवतो. त्या दिवशी ‘येस’ लिहिणारी मुलगी आज स्वतःची तुकडी सांभाळते. तिच्या तुकडीत पाडकामाच्या वेळी यादी एकजण मोठ्याने वाचतो आणि दुसरा प्रत्येक नावाला ते कशासाठी होतं ते सांगतो. सांगता आलं नाही तर ते नाव बाजूला काढायचं. यात कधी कधी अख्खा दिवस जातो, आणि वरिष्ठांना तो वाया गेल्यासारखा वाटतो. मांडव उभारणाऱ्याचं कौतुक होतं, उतरवणाऱ्याला चहाही कोणी विचारत नाही, हे आमच्याकडेही तसंच आहे.

अलीकडे असंच एक जुनं बिऱ्हाड आम्ही काढायला घेतलं. घाटकोपरच्या एका व्यापाऱ्याचं. सगळ्यांना विचारून झालं होतं, ये-जा जवळपास शून्य होती, प्रत काढून उघडून बघितली होती. महिन्याच्या तीन तारखेला दार लावलं. पहिला आठवडा शांत, दुसरा शांत. त्या मुलीने विचारलं, “मॅडम, पाडूया का आता?” मी म्हटलं, महिनाअखेर होऊ दे.

एक तारखेला सकाळी त्या व्यापाऱ्याच्या वयस्कर हिशेबनीसांचा फोन आला. ते म्हणाले, “बेन, दर महिन्याला एक तारखेला जीएसटीचा एक तक्ता मेलवर येतो. आज आला नाही.” तो तक्ता कुठून येतो हे त्यांना माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. दार उघडलं, दहा मिनिटांत तक्ता गेला. आता तो नव्या जागेहून पाठवायची व्यवस्था केली आहे. जुनं बिऱ्हाड अजून उभं आहे. दार आम्ही परत लावून घेतलं आहे, पुढच्या एक तारखेपर्यंत.